सर, सर. बस बघ.

जत. दोन अक्षरं. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. वाचायला इतकं सोपं तालुक्याचं नाव महाराष्ट्रात शोधावं लागेल. पण २००२ साली नेमणुकीच्या आदेशावर हीच दोन अक्षरं वाचली तेव्हा आमच्या घरात सुतक आल्यासारखी शांतता पसरली होती.

आम्ही पलूसकडचे. कृष्णाकाठ, ऊस, द्राक्षबागा, मोटर चालू केली की पाणी. आणि जत म्हणजे कर्नाटकाच्या सीमेवरचा दुष्काळी तालुका. नवा लागलेला मास्तर आधी जतला जाणार, ही आमच्या सांगली जिल्ह्यातली तेव्हाची रीतच होती. वडील म्हणाले, "नोकरी लागली म्हणायची का शिक्षा?" आईची काळजी वेगळी. "तिकडं कानडी बोलत्यात म्हणं. तू शिकवणार काय आणि त्यांना कळणार काय?" मी शिक्षणसेवक म्हणून रुजू झालो. तीन वर्षं, महिना ३००० रुपये मानधन. त्यातून खोलीभाडं आणि एसटी वजा केली की उरायचं ते सांगण्यासारखं नव्हतं.

शाळा दोन शिक्षकांची. मी नवा म्हणून पहिली आणि दुसरी माझ्या गळ्यात. ही आपल्याकडची जुनी खोड आहे. अनुभवी मास्तर चौथी घेणार, कारण तिथं स्कॉलरशिप, तिथं नाव. आणि ज्याला काहीच येत नाही त्याच्या हातात पहिली, जिथं सगळं ठरतं. आज मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, शाळेतला सगळ्यात मुरलेला माणूस पहिलीला द्या. पण तेव्हा मला कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर मलाही हे सुचलं नसतं.

डी.एड.ला शिकलो होतो तसं ग म भ न पासून सुरू केलं. यात एक शहाणपण आहे, नाही म्हणत नाही. चारही अक्षरांना उजवीकडं उभी दांडी, वळण एकातून दुसऱ्यात जाणारं, हाताला सोपं. फरशीवर खडूनं मोठा ग काढायचा आणि पोरांनी त्यावर चिंचोके मांडत जायचं. चिंचोक्यांना तोटा नव्हता, शाळेपुढंच चिंच होती. महिन्याभरात पोरं पाटीवर चारही अक्षरं काढायला लागली. मग शब्द. या चार अक्षरांत शब्द कोणते होतात? मन, नग, गगन, नमन, गमन, मगन. मी फळ्यावर ओळीनं लिहिले आणि पोरांनी ओळीनं म्हटले. त्या गावात गगन हा शब्द कुणाच्या तोंडात होता? वर दिसायचं ते आभाळ, आणि तेही बहुतेक कोरडंच. गमन कोण करतं? आमच्याकडं माणसं जात्यात, नाहीतर निघत्यात.

हात शिकत होता. बाकीचं पोर बाहेरच उभं होतं.

हे मला कळलं ते एका पोराच्या बोटामुळं. दुसरीतला होता, धडा घडाघडा वाचायचा. एक दिवस मी शेजारी जाऊन बसलो. शब्दाखाली बोट फिरवत वाचत होता. नीट बघितलं तर बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंड धड्याच्या शेवटी पोचलेलं. तोंड थांबलं तेव्हा त्यानं बोटाकडं बघितलं आणि ते पटकन शेवटच्या ओळीवर नेऊन ठेवलं, जसं रांगेत मागं राहिलेल्या शेळीला हाकलावं तसं. सगळा धडा पाठ होता त्याचा. इतकं पाठांतर करणारं पोर मठ्ठ असणार नाही. पण त्याच्या लेखी वाचणं म्हणजे हेच होतं.

दुसरा एक खरंच अक्षर लावून वाचायचा. "वि... ही... र. विहीर."

"शाब्बास. काय वाचलंस?"

"विहीर."

"कुठं असती विहीर?"

तो विचारात पडला. मग म्हणाला, "पुस्तकात."

शाळेच्या मागं पन्नास पावलांवर विहीर होती. रोज दुपारी तो तिच्यावरून पाणी आणायचा. पण ती हीर होती. कानडी घरातल्या पोरांची ती बावी होती. विहीर नावाची वस्तू त्या गावात नव्हतीच.

आता बसची गोष्ट. अकराच्या सुमाराला गावात एसटी यायची आणि चिंचेखाली वळायची. वळली की कंडक्टर उतरून पाटी फिरवायचा. त्या पाच मिनिटांत माझा वर्ग संपायचा. सगळी पोरं खिडकीला. "सर, बस आली, बस!" मी रोज ओरडायचो. एके दिवशी ओरडायचा कंटाळा आला म्हणून म्हणा, फळ्यावर लिहिलं: बस. खाली लिहिलं: जत. कुणाला वाचता येईना, कारण ब, स, ज, त अजून झालेच नव्हते. ते दिवाळीनंतर होते. पण खिडकीजवळचं एक पोर एकदा बाहेर बघतं, एकदा फळ्याकडं बघतं. मग म्हणालं, "सर, गाडीच्या पाटीवर हाय तेच हाय की हे!"

मी ग म भ न तिथंच सोडलं. पुढच्या पंधरा दिवसांत घेतली ती अक्षरं ही: ज, त, ब, स, घ, र. हाताला अवघडच. स लिहिताना पोरांची तारांबळ उडायची आणि घ चा ध व्हायचा. पण या सहा अक्षरांत काय काय होतं बघा. बस, घर, रस, जत, सर, बघ, तर, जर, घसर, सरबत. सगळे रोजच्या तोंडातले. सरबत वाचता आलं त्या दिवशी पोरांनी सरबत मागितलं, आणि मला लिंबं आणून ते करावं लागलं.

एका सकाळी फळ्यावर वाक्य लिहिलं: सर, बस बघ. पुढच्या रांगेतली एक मुलगी वाचायला उठली. "स... र. सर. ब... स. बस." मग एकत्र. "सर, बस." आणि ती तिथंच थांबली. माझ्याकडं बघितलं. मी खडू घेऊन उभा होतो. तिनं तोंडावर हात ठेवला आणि खुदकन हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "आगं, सरला बस म्हनती!"

मी खुर्चीवर बसलो.

वर्ग दोन क्षण गप्प होता, मग फुटला. एक पोरगा पळत फळ्यापाशी आला, खडू मागितला आणि लिहिलं: सर, सर. मला कळेना, दोनदा का लिहिलं. तो म्हणाला, "वाचा की." वाचलं. सर, सर. मास्तर, बाजूला हो. मी खुर्चीसकट सरकलो. त्या दिवशी दुपारपर्यंत मी उठलो, बसलो, सरलो, परत बसलो. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या वर्गाचे सर दारात येऊन बघून गेले की पोरं मास्तरला मारतायत की काय. पण पहिलीतल्या पोरांना समजलं होतं की फळ्यावर दोन रेघोट्या ओढल्या की एवढा मोठा मास्तर उठतो आणि बसतो. त्यानंतर मला कुणाला "वाचा रे" म्हणून सांगावं लागलं नाही. उलट मधल्या सुट्टीत खडू लपवून ठेवावा लागायचा.

जतमध्ये जिल्हा परिषदेच्याच कानडी शाळा आहेत, तरी आमच्या मराठी शाळेत निम्मी घरं कानडी बोलणारी होती. बापाला वाटायचं पोरगं मराठी शिकलं तर सांगली-पुण्याला टिकेल. तक्त्यावर होतं अ अननसाचा. अननस गावात कुणी बघितलेला नव्हता; खरं सांगायचं तर मीही तो तोवर चित्रातच जास्त बघितलेला. एक मुलगी म्हणाली, "अ अव्वाचा." मी म्हणालो, "नाही बाळ, अननसाचा." आईला बाजूला सारून अननस शिकवला मी तिला. आणि एक होता, त्याला आ दाखवला की तो म्हणायचा आने. मला वाटायचं हा जुन्या चार आण्या-आठ आण्यांबद्दल बोलतोय. तो हत्तीबद्दल बोलत होता. हत्तीला कानडीत आने म्हणतात. म्हणजे आमचा हत्ती ह मध्ये राहतो आणि त्यांचा आ मध्ये, एवढाच फरक.

हाच पोरगा म्हणायचा, "म्हैस आलं." मी रोज सुधारायचो, आलं नाही, आली. त्याच्या प्रगतिपत्रकात मी 'मराठी कच्चे' असं लिहिलेलं मला आठवतं. पुढं गावातल्या एका कानडी गुरुजींनी सांगितलं की कानडीत बाप्या आणि बाई सोडली तर बाकी सगळं नपुंसकलिंगी. गाय, म्हैस, झाड, दगड, सगळं 'ते'. पोरगा आपल्या आईच्या व्याकरणानं बिनचूक चालला होता. मराठीत टेबल 'ते' का, खुर्ची 'ती' का आणि फळा 'तो' का, हे त्यानं मला विचारलं असतं तर माझ्याकडं तरी काय उत्तर होतं?

चुकांचं सांगायचं तर एक चूक मला अजून टोचते. नंतरच्या वर्षी तिसरी माझ्याकडं आली. मी पोरांना म्हणालो, काल काय झालं ते लिहा. एकानं लिहिलं: 'माजं बोकड हिरीत पडलं. आबानं दोर सोडला. बोकड वर आलं आनि मला शिंगाडलं.'

तीन वाक्यं. त्यात प्रसंग आहे, माणसं आहेत, उपकाराची फेड आहे. मी काय केलं? लाल पेन काढला. माजं ला गोल, हिरीत ला गोल, आनि ला गोल. शिंगाडलं खाली दोन रेघा आणि समासात शेरा: 'असा शब्द नाही.' पुढच्या आठवड्यात परत लिहायला सांगितलं. त्यानं लिहिलं: 'ही गाय आहे. गाय गवत खाते. गाय दूध देते.' एक काना इकडचा तिकडं नाही. मी पैकीच्या पैकी दिले. ते बोकड माझ्या वर्गात परत आलं नाही.

फलटणला जाऊन आलो नसतो तर मला यात काही चुकलं असं वाटलंच नसतं. उन्हाळी सुट्टीत एका मित्राबरोबर गेलो होतो. तिथं १९८४ पासून प्रगत शिक्षण संस्था आहे, तिची कमला निंबकर बालभवन नावाची शाळा आहे. डॉ. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकेच्या. त्यांनी पीएच.डी.चा प्रबंध लिहिला तो फलटणच्या बोलण्यावर. एकाच गावात माणसं किती तऱ्हांनी बोलतात यावर, कुणी पानी म्हणतं, कुणी पाणी. नंतर तिथंच राहून मराठीतून शिकवणारी शाळा काढली. परतीच्या गाडीत मित्र झोपला आणि मी ते पानी-पाणी घोकत बसलो. ज्या बोलीवर मी लाल गोल मारत होतो, त्या बोलीवर एका बाईंनी प्रबंध लिहिला होता, आणि तोही सातासमुद्रापलीकडून येऊन.

तेव्हापासून माझ्या वर्गात भिंतीवर एक मोठा कागद असतो. मधे रेघ. डावीकडं 'घरचा शब्द', उजवीकडं 'पुस्तकाचा शब्द'. हीर, विहीर. पानी, पाणी. साळा, शाळा. इळा, विळा. कोरड्यास, कालवण; इथं पोरांचं भांडण झालं, कारण कालवणही काहींच्या घरचंच निघालं. शिंगाडलं च्या समोरची जागा आम्ही मोकळी ठेवली आहे. पुस्तकाला तसा शब्द सापडला की भरू. पोरं पहिली-दुसरीत घरचं लिहितात, तिसरीत दोन्ही ओळखतात, चौथीत कुठं कोणतं लिहायचं ते त्यांचं त्यांना कळतं. काही पालक चिडतात. एकदा एक जण वही घेऊन आले होते, "आम्ही अडाणी म्हणून तुमच्याकडं पाठवतो आणि तुम्ही आमच्यासारखंच लिहू देताय?" त्यांचं चुकीचं आहे असंही म्हणवत नाही. ज्याला 'पानी' म्हटल्याबद्दल ऑफिसात हसलेलं असतं त्याला हे कौतुक परवडत नाही. म्हणून चौथीत मी खडूस होतो. ण म्हणजे ण.

मराठी लिहिणं तसं सरळ आहे, जसं बोलतो तसं लिहितो, असं आपण फुशारकीनं सांगतो. पहिलीच्या पोराला विचारा. 'चार' मधला च वेगळा आणि 'चारा' मधला वेगळा, 'माझी' मधला झ वेगळा आणि 'माझा' मधला वेगळा, पण चिन्ह एकच. 'कि' म्हणताना तोंडातून आधी क येतो, पण वेलांटी त्याच्या आधी उभी. बहुतेक पोरं आधी क काढतात आणि मग त्याच्या पाठीमागून जाऊन वेलांटीची टोपी घालतात. मी त्यांना अडवत नाही. आणि र! सर्प, चक्र, ट्रक, दऱ्या. एकच पोर चार वेगवेगळे कपडे घालून आलेलं. आचार्यास आणि आचाऱ्यास यातला फरक शिकवताना मी दोन ताटं काढतो. एका ताटापुढं आचार्य जेवायला बसलेले, दुसऱ्या ताटात आचारी वाढतोय. त्यात भर म्हणजे मोबाईल. पुस्तकातला ल पाकळ्यांचा, मोबाईलवरचा बहुतेक वेळा हिंदी वळणाचा. पोरगं मला विचारतं, "सर, ह्यातला खरा कुठला?" मी म्हणतो, दोन्ही. ते माझ्याकडं संशयानं बघतं.

मधे एक ज्ञानरचनावादाची लाट आली, म्हणजे पोरांनी आपलं आपण करून शिकायचं. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे त्या भागातल्या गटातल्या, शाळांनी खरोखर चांगलं काम केलं होतं. राज्यभरातून शिक्षक गाड्या भरभरून बघायला जायचे, मीही गेलो. पोरं गटात बसून आपापली शिकत होती आणि बाई मधूनच हिंडत होत्या, हे डोळ्यांनी बघितलं. २०१५ च्या जूनमध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राचा शासन निर्णय निघाला, आणि मग गावोगाव काय झालं? फरश्या रंगल्या. बघायला गेलेल्या कित्येकांना फरशीवरचा ऑइलपेंट दिसला आणि तेवढाच ते घेऊन आले. आमच्याही शाळेची फरशी लोकवर्गणीतून रंगली. बाराखडीवर पाय देऊन पोरं प्रार्थनेला उभी राहायची, आणि वर्गात परत 'क ला काना का' सुरू.

आता निपुण भारत ही केंद्र सरकारची मोहीम आहे. २०२१ च्या जुलैपासून. तिसरीपर्यंत प्रत्येक पोराला समजून वाचता यावं, हे म्हणणं चांगलंच आहे, कोण नाही म्हणेल. दुसरीच्या पोरानं मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीच्या पोरानं किमान ६०. त्यात 'समजून' हा शब्द आहे. पण घड्याळ लावलं की समजून मागं राहतं आणि शर्यत सुरू होते. माझ्याकडची एक पोरगी परिच्छेद संपवून धापा टाकत पहिलं विचारते, "किती झाले?" कशाबद्दल होतं गं ते? "थांबा, परत वाचून सांगते." त्यापेक्षा गावोगाव फिरून पोरांचं वाचन तपासणाऱ्या 'असर'वाल्यांचा कागद मला बरा वाटतो. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. ज्या पायरीवर पोर अडलं ती त्याची पायरी. त्यांचे निकाल आले की वर्तमानपत्रात आमची अब्रू निघते ते सोडून द्या.

गेली काही वर्षं मी वाळवा तालुक्यात आहे. परत कृष्णाकाठ, परत ऊस. सात नोव्हेंबरला आम्ही विद्यार्थी दिवस करतो. १९०० साली त्या तारखेला बाबासाहेब आंबेडकरांचं साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात, नाव घातलं गेलं. रजिस्टरला १९१४ नंबरपुढं भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद आहे. हे मी दर वर्षी पोरांना सांगतो, आणि दर वर्षी नेमक्या त्याच दिवसांत आमच्या रजिस्टरला नाव नसलेली पोरं गावात येतात. कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात, जतकडच्याही येतात. ओढ्याकाठी त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. पहाटे तीनला आईबाप फडात, आणि पोरं कोपीवर धाकट्यांना सांभाळत. नियमानं त्यांच्याकडं शिक्षण हमी कार्ड असायला हवं, म्हणजे कुठल्याही शाळेनं त्यांना विनातक्रार बसवून घ्यायचं. कार्ड असलेलं पोर मला क्वचित भेटतं. मी आणि आमच्या बाई कोप्यांवर जाऊन जेवढी येतील तेवढी घेऊन येतो. मार्च-एप्रिलात कारखाना बंद झाला की एका रात्रीत कोप्या उठतात. चार-पाच महिने मिळतात.

एवढ्या थोड्या दिवसांत शिकवणार काय? मी शब्दांच्या चिठ्ठ्या करतो. प्रत्येकाला विचारायचं, तुला कुठला शब्द पाहिजे? तो जाड कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्यायचा. रात्रभर त्याच्याजवळ. दुसऱ्या दिवशी वाचता आला तर चिठ्ठी त्याची आणि नवा शब्द मिळणार. नाही वाचता आला तर मी चिठ्ठी काढून घेतो. त्याचा तो शब्द नव्हता, कुणाचं तरी ऐकून मागितलेला होता. पोरांचे शब्द ठरलेले असतात. जेसीबी, बुलेट, भूत, मटण, डीजे. उकार असो की मात्रा असो, बुलेट कुणी विसरत नाही.

गेल्या हंगामात बीडकडची एक मुलगी यायची, नऊ-दहा वर्षांची. कडेवर भाऊ. तो रडला की पटकन बाहेर जाता यावं म्हणून दारातच बसायची. तिसरीत आहे म्हणाली, पण अक्षरओळख अर्धीमुर्धी. शाळेचे अर्धे महिने ती दर वर्षी कुठल्या ना कुठल्या फडावर असायची. तिला विचारलं, तुला कुठला शब्द पाहिजे?

"उचल."

मी म्हणालो, "काय उचलायचंय?"

"तसलं न्हाई. उचल. दादांनी मुकादमाकडून घेतलेली."

उ, च, ल. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. मी लिहून दिला. तिनं चिठ्ठीची घडी घातली नाही, तशीच परकराच्या नेफ्यात उभी खोचली.

दुसऱ्या दिवशी फाडफाड वाचला. फळ्यावर मी उचल, उकल, बदल, उसळ असे चार शब्द लिहिले, तर त्यातला बरोबर काढला. नवा शब्द नको म्हणाली. भावाला खाली ठेवलं आणि पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली एक खिशातली डायरी काढली. वडिलांची. बरीच वर्षं जुनी असावी, कव्हर पार मऊ पडलेलं.

"ह्यात उचल कुठंय?"

"तूच शोध की."

ती जमिनीवर बसली. बोटाला थुंकी लावून एकेक पान उलटायला लागली. प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत डोळे. भाऊ पान धरायला आला की त्याचा हात बाजूला करायची, पण नजर काढायची नाही. कुणाच्या तरी घाईच्या अक्षरात, रेघेच्या वरखाली लिहिलेलं होतं सगळं. सातव्या-आठव्या पानावर बोट थांबलं. उ. मग च. मग ल ला थोडी अडखळली, लिहिणाऱ्याचा ल वेगळ्या वळणाचा होता. चिठ्ठी काढून शेजारी ठेवली, दोन्ही ल बघितले. "हेच हाय," म्हणाली.

पुढं आकडा होता. पाच आकडी. तिला शंभरपर्यंत येत होतं. आम्ही फरशीवर घरं आखली, एकक, दशक, शतक, हजार, दशहजार, आणि आकडे एकेक करून आत नेऊन ठेवले. मग मी तो वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. बोटांवर काहीतरी मोजत होती, मधेच चुकली, परत पहिल्या बोटापासून धरलं. मग ते पान उलटलं. पुढचं उलटलं. आणखी दोन.

"आन फिटली किती, ते कुठं लिवलंय?"

मी डायरी हातात घेतली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली. किराणा. दोन मोबाईल नंबर. कुणाच्या तरी लग्नाची तारीख. एका पानावर भावानं ओढलेल्या पेनाच्या रेघोट्या. मग शेवटच्या पानापासून पहिल्यापर्यंत परत आलो. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"सर, तुमाला बी वाचाया येईना व्हय?"